समुद्रपर्यटन, देशोदेशीच्या सीमा आणि आपल्या औषधांची पिशवी

आपल्या न्यासाच्या वार्षिक अहवालात सेवाकार्याचा आढावा आणि जमाखर्चाची पत्रके यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. यंदाचा विषय प्रथमदर्शनी धर्मादाय रुग्णालयाच्या चाकोरीबाहेरचा वाटण्याची शक्यता आहे. परदेशी समुद्रपर्यटनास, म्हणजेच प्रचलित भाषेत क्रूझला, जाताना आपली नेहमीची औषधे बरोबर कशी न्यावीत, हा तो विषय होय.

विषय निवडण्यामागे कारण आहे. समुद्रपर्यटन ही आता केवळ श्रीमंतांची हौस उरलेली नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतील माजी कर्मचारी, सिंगापूर किंवा दुबईत नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील असे अनेक जण सहल कंपन्यांबरोबर चार-पाच दिवसांच्या जलप्रवासास जातात. कोकण आणि गोव्यातील कित्येक घरांतील मुले तर जहाजांवर चाकरीलाच असतात. या प्रवाशांपैकी बहुतेकांचे वय साठीच्या पुढचे असते आणि त्यांच्या पिशवीत रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, सांधेदुखी, निद्रानाश यांपैकी कशाची ना कशाची औषधे असतात. "बोटीवर जायचे आहे, महिन्याच्या गोळ्या लिहून द्या" ही मागणी आमच्या बाह्यरुग्ण विभागाला परिचयाची आहे. त्यापुढचा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. या गोळ्या त्या त्या देशात नेणे कायदेशीर आहे का, हा तो प्रश्न.

औषध कोणते व किती घ्यावे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. परंतु परक्या बंदरावर त्या औषधाची बाजू मांडण्यासाठी डॉक्टर उपस्थित नसतात. तेथे फक्त कागद असतो. कागदपत्रे हा प्रशासनाच्या जबाबदारीचा भाग असल्यामुळे प्रशासन विभागाच्या वतीने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

१. जहाजावरून सीमा दिसत नाही, तरी ती असते

विमानाने जाणाऱ्या प्रवाशास सीमा स्पष्टपणे जाणवते. विमानतळावर रांग असते, पारपत्रावर शिक्का बसतो, सामान यंत्रातून जाते. जहाजाचे तसे नाही. सिंगापूरहून निघालेले जहाज मलेशियातील पोर्ट क्लांग किंवा पेनांग आणि थायलंडमधील फुकेत अशी बंदरे करून चार-पाच दिवसांत परत येते. प्रवासी रात्री एका देशात झोपतो आणि सकाळी दुसऱ्या देशात जागा होतो. कित्येकदा पारपत्रे जहाजाच्या कचेरीकडेच जमा असतात आणि बंदरावरचे सोपस्कार परस्पर उरकले जातात. त्यामुळे आपण एकाच तरंगत्या हॉटेलात आहोत, अशी समजूत होते.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, त्या त्या देशाचे सार्वभौमत्व चालते. जहाज कोणत्या देशाचा ध्वज लावते, यावर जहाजावरचा कायदा ठरतो हे खरे. अनेक पर्यटन जहाजांवर बहामा किंवा पनामा यांचा ध्वज असतो. तथापि याच कराराच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे, गुंगीकारक द्रव्यांच्या बेकायदा व्यापारास आळा घालण्यासाठी आवश्यक असेल, तेव्हा किनारी राष्ट्र आपल्या हद्दीतून जाणाऱ्या परक्या जहाजावरही फौजदारी अधिकार वापरू शकते. जहाज धक्क्याला लागल्यावर तर त्या देशाचा कायदा पूर्णपणे लागू होतो. म्हणून "आम्ही खाली उतरणारच नाही, मग आम्हाला काय" असे मानणे सुरक्षित नाही. सहलपत्रिकेत जितकी परदेशी बंदरे, तितक्या सीमा, असा साधा हिशेब प्रवाशाने मनाशी बांधावा.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीला जाणाऱ्या जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तो प्रवास देशांतर्गत असतो. मात्र तेथेही डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असणे हिताचेच आहे.

२. औषधांचे दोन गट

आपल्या पिशवीतील औषधांची प्रथम दोन गटांत विभागणी करावी. पहिला गट सर्वसाधारण औषधांचा. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, दमा, आम्लपित्त यांवरील बहुतेक औषधे यात येतात. योग्य कागद आणि वाजवी प्रमाण असल्यास यांविषयी सहसा अडचण येत नाही.

दुसरा गट नियंत्रित औषधांचा. १९६१ चा गुंगीकारक द्रव्यांविषयीचा आणि १९७१ चा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा, असे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत. मॉर्फिन व कोडीन पहिल्या कराराखाली येतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन आणि झोल्पिडेम ही दुसऱ्या कराराखाली येतात. झोप लागण्यासाठी, चिंता कमी करण्यासाठी अथवा फिट्स येऊ नयेत म्हणून आपल्या ओळखीतले कितीतरी लोक यांपैकी एखादे औषध वर्षानुवर्षे घेत असतात. रोजची गोळी आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते; ती नियंत्रित आहे, याची त्यांना कल्पना नसते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक या दोन्ही करारांत नाही, तरीही अनेक देशांनी आपापल्या कायद्याने त्यावर नियंत्रण आणले आहे. भारतातही एप्रिल २०१८ पासून ते गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत आले आहे.

हा गट ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांपैकी जी या अधिनियमाखाली येतात, त्यांच्या वेष्टनावर डाव्या बाजूस वरच्या कोपऱ्यात लाल रंगात 'एनआरएक्स' अशी इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. केवळ 'आरएक्स' असेल तर ते चिठ्ठीवर मिळणारे सर्वसाधारण औषध समजावे. आजच घरातील पट्ट्या उजेडात धरून ही खूण पाहावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे. तरीही शंका वाटल्यास औषधालयात विचारावे.

१९७१ च्या करारातील चौथे कलम प्रवाशाला अल्प प्रमाणात स्वतःच्या उपयोगासाठी असे औषध नेऊ देण्याची मुभा राष्ट्रांना देते. येथे 'मुभा' हा शब्द महत्त्वाचा आहे. सवलत द्यायची की नाही आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे प्रत्येक देश स्वतः ठरवितो. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अमली द्रव्ये नियंत्रण मंडळ आपल्या संकेतस्थळावर प्रवाशांसाठी देशवार नियमांची माहिती देते. घरातील तरुण मंडळींनी ती ज्येष्ठांना काढून द्यावी.

३. तीन बंदरे, तीन नियम

वर उल्लेखिलेल्या सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या एकाच मार्गाचे उदाहरण घेऊ. सिंगापूरमध्ये स्वतःच्या उपयोगासाठी सर्वसाधारण औषधांचा तीन महिन्यांपर्यंतचा साठा नेता येतो; डायझेपाम, कोडीन, मॉर्फिन यांसारख्या औषधांना मात्र तेथील आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची मंजुरी लागू शकते आणि ती प्रवासापूर्वीच घ्यावी लागते. मलेशियात साधारणतः एका महिन्यापुरतीच औषधे नेण्याची मर्यादा आहे. थायलंडमध्ये नियंत्रित औषधांसाठी तीस दिवसांची मर्यादा असून काही वर्गांसाठी आधी परवाना घ्यावा लागतो. म्हणजे सिंगापूरच्या नियमात बसणारी तीन महिन्यांची पिशवी पुढच्याच बंदरात नियमबाह्य ठरू शकते. यावरून निघणारे सूत्र असे, की मार्गातील सर्व देशांच्या मर्यादा पाहाव्यात आणि त्यांतील सर्वांत कमी मर्यादा हीच आपली मर्यादा मानावी.

हिवाळ्यात दुबई व अबू धाबीहून निघणाऱ्या जहाजांवर मराठी प्रवासी मोठ्या संख्येने दिसतात. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी तेथील सरकारी यंत्रणेची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये चिठ्ठीवरील औषधे सर्वसाधारणपणे एका महिन्यापुरती नेता येतात. सर्दीवरील ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या तेथे निषिद्ध आहेत. आणि अँफेटामीन वर्गातील औषध तर डॉक्टरांची चिठ्ठी असूनही नेता येत नाही.

हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून येथे दिलेली माहिती दिशादर्शक समजावी आणि प्रवास ठरताच त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वकिलातीकडे खातरजमा करावी. सहल कंपनीच्या प्रतिनिधीचे "काही होत नाही हो, सगळे नेतात" हे आश्वासन कोणत्याही बंदरावर ग्राह्य धरले जात नाही. २०१७ साली इजिप्तमध्ये एका परदेशी पर्यटक महिलेस ट्रामाडॉलच्या जवळपास तीनशे गोळ्यांसह अटक होऊन तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या गोळ्या कुणाच्या तरी पाठदुखीसाठी आहेत, हे सांगणे तेथे उपयोगी पडले नाही.

४. भीतीपोटी औषध मागे ठेवू नये

येथवर वाचून एखाद्या वाचकास वाटेल, की मग नियंत्रित औषध घरीच ठेवून जावे. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना याच ठिकाणी आहे. असे कदापि करू नये.

आमचे वैद्यकीय सहकारी आवर्जून सांगतात, की फिट्ससाठी घेतली जाणारी क्लोबाझाम किंवा फेनोबार्बिटोन यांसारखी औषधे एकदम बंद केल्यास फिट्स उसळून येऊ शकतात. दीर्घकाळ घेतलेल्या क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामचेही तसेच आहे. हृदयविकारावरील काही औषधे व स्टिरॉइड यांसही अचानक खंड पडणे धोक्याचे असते. भर समुद्रात, जवळचे मोठे रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर असताना असा प्रसंग ओढवणे हे कस्टम्सच्या चौकशीपेक्षा अधिक गंभीर आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णालाही मुलाबाळांसमवेत समुद्र पाहण्याचा हक्क आहे; त्या हक्कासाठी त्याने वेदना सोसण्याचे कारण नाही.

योग्य मार्ग असा, की निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडे सहलीचा कार्यक्रम घेऊन जावे. पूर्वपरवानगी मिळण्याजोगी असेल तर अर्ज करावा. नसेल, तर डॉक्टर पर्यायी औषध सुचवू शकतील आणि ते मानवते की नाही, हे पाहण्यास घरीच पुरेसा अवधी मिळेल. दोन्ही शक्य नसल्यास सहलीचा मार्ग बदलावा. औषध बंद करण्याचा किंवा त्याची मात्रा कमी करण्याचा निर्णय मात्र प्रवाशाने स्वतः घेऊ नये.

५. कागद कसा असावा

व्यापारात माल सीमेपलीकडे जातो तेव्हा त्याच्यासोबत बीजक असते. माल कोणता, कोणाचा, किती नग, कशासाठी, हे त्यावरून परक्या देशातील अधिकाऱ्याला कळते. औषधाची चिठ्ठी हे एका अर्थी रुग्णाचे बीजकच होय. त्यात पुढील बाबी असाव्यात.

पहिली बाब नावाची. आपल्याकडे केसपेपरवर 'कुलकर्णी आजी' किंवा 'सौ. जोशी' एवढेच लिहिलेले असते. कित्येक भगिनींचे पारपत्र माहेरच्या नावाचे आणि केसपेपर सासरच्या नावाचा असतो. सीमेवरील अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन भिन्न व्यक्ती आहेत. म्हणून चिठ्ठीवरील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळावे आणि जन्मतारीखही नोंदवावी. चिठ्ठी इंग्रजीत असावी.

दुसरी बाब औषधाच्या नावाची. भारतातील व्यापारी नावे परदेशात अपरिचित असतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली डॉक्टरांना औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहिण्याचा नियम घालून दिला. प्रवासात त्याचे मोल विशेष कळते. जेनेरिक नावांतही देशपरत्वे थोडा भेद आढळतो. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने, दम्याच्या फवाऱ्यातील साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल या नावाने, तर मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड या नावाने ओळखले जाते. अमेरिकी बंदरे असलेल्या मार्गावर जाणाऱ्यांनी चिठ्ठीत दोन्ही नावे मागून घ्यावीत.

तिसरी बाब संख्येची. आजाराचे नाव, गोळीची ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवसांसाठी आणि एकूण किती गोळ्या, हे सर्व लिहिलेले असावे. पिशवीतील गोळ्या या आकड्याशी जुळल्या पाहिजेत. खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, रुग्णालयाचा शिक्का, दूरध्वनी आणि अलीकडची तारीख असावी. दोन वर्षांपूर्वीची, घड्या पडून फाटलेली चिठ्ठी पुरावा म्हणून अपुरी पडते.

चौथी बाब वेष्टनाची. औषधालयात दहाची पट्टी कापून चार गोळ्या घेण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा कापलेल्या तुकड्यावर नाव, मुदत आणि बॅच क्रमांक यांपैकी काहीतरी हमखास गळलेले असते. प्रवासासाठी अखंड पट्ट्याच घ्याव्यात आणि पक्के बिल जपून ठेवावे. सोमवार ते रविवार अशा खणांची डबी घरात सोयीची असते. सीमा ओलांडताना मात्र त्यातील सुट्या गोळ्यांची ओळख पटविणे कठीण जाते. ती डबी रिकामी न्यावी आणि केबिनमध्ये पोहोचल्यावर भरावी.

या कागदाचे मोल २०२० साली सर्व जगास दिसून आले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेस हे जहाज कोरोनाच्या प्रादुर्भावामुळे जपानमधील योकोहामा बंदरात थांबविण्यात आले. जहाजावर प्रवासी व कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती आणि त्यांत १३८ भारतीय होते. ५ फेब्रुवारीपासून दोन आठवड्यांचे विलगीकरण सुरू झाले. प्रवाशांत वृद्धांची संख्या मोठी होती आणि सहलीच्या दिवसांपुरतीच मोजून आणलेली त्यांची औषधे संपत आली. कोरोनाच्या जोडीने रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकारावरील रोजची औषधे मिळवून केबिनमध्ये पोहोचविणे, हे तेथील आरोग्य पथकांपुढचे एक मोठे काम होऊन बसले. निरनिराळ्या देशांतील औषधांची जपानी बरोबरीची औषधे शोधावी लागत होती. अशा वेळी ज्याच्याजवळ जेनेरिक नाव आणि मात्रा लिहिलेला कागद असतो, त्याचे काम सुकर होते. "एक पांढरी गोळी सकाळी, अर्धी पिवळी रात्री" एवढीच माहिती असणाऱ्याचे अडते.

६. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी

मधुमेही प्रवाशांसाठी एक धोका स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. भारतात इन्सुलिनच्या कुपीत प्रति मिलिलिटर ४० युनिट असलेला प्रकार सर्रास वापरला जातो व त्याची सिरिंजही वेगळी, लाल टोपणाची असते. परदेशात बहुतेक ठिकाणी प्रति मिलिलिटर १०० युनिटचे इन्सुलिन मिळते. समजा, आपली कुपी फुटली आणि परदेशातून १०० युनिटवाली कुपी घेतली. ती जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० युनिटच्या खुणेपर्यंत भरली, तर प्रत्यक्षात ५० युनिट, म्हणजे अडीचपट मात्रा शरीरात जाते. त्यातून रक्तातील साखर जीवघेणी उतरू शकते. यास्तव इन्सुलिन व सिरिंज नेहमी जोडीनेच न्यावी, एक कुपी जादा ठेवावी आणि परक्या ठिकाणी इन्सुलिन घेण्याची वेळ आल्यास सिरिंजही तेथलीच घ्यावी.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी सामान्यतः सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, मात्र ती उन्हात राहता कामा नये. केबिनमधील लहान शीतकपाट पेये गार करण्यापुरतेच असू शकते. म्हणून औषधांसाठी योग्य शीतकपाट मिळेल का, हे जहाज कंपनीस आरक्षणाच्या वेळीच विचारावे. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. ते बर्फास चिकटवून ठेवू नये. बंदरापर्यंत विमानाने जाताना इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. विमानातील द्रवपदार्थांवर २००६ पासून आलेल्या १०० मिलिलिटरच्या निर्बंधातून आवश्यक औषधांना सूट असते. तथापि तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून चिठ्ठीसह दाखवावीत. सुयांचा उल्लेखही चिठ्ठीत असावा आणि वापरलेल्या सुया टाकण्यासाठी जहाजाच्या दवाखान्याकडून बंद डबा मागून घ्यावा.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तर दुबईचे दीड तास मागे असते. जहाजावरची वेळ आणि बंदरावरची वेळ यांतही कधी फरक पडतो. इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ कसा घालावा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

७. चूर्णे, खसखस आणि दुसऱ्याचे पुडके

आयुर्वेदिक औषध म्हणजे निर्धोक आणि म्हणून सर्वत्र मान्य, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. परंतु काही शास्त्रोक्त कल्पांत भांग हा घटक असतो. अतिसारावर दिले जाणारे जातिफलादि चूर्ण हे त्याचे उदाहरण. प्रवासात पोट बिघडेल म्हणून कुणी ही पुडी सहज बरोबर घेईल. पण सिंगापूरसारख्या देशात भांगेच्या झाडापासूनच्या पदार्थांविषयीचा कायदा अत्यंत कठोर आहे. दुसरा प्रश्न धातूंचा. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. तात्पर्य, घटकांची छापील यादी असलेले मूळ सीलबंद वेष्टनच न्यावे. वैद्यांनी बांधून दिलेल्या पुड्या आणि बिननावाच्या बाटल्या प्रवासात टाळाव्यात.

औषध नसले तरी त्याच कायद्याखाली येणारी एक वस्तू आपल्या फराळात असते. खसखस ही अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे तिला बंदी आहे. दिवाळीत मुलांकडे निघालेल्या मातांनी खसखशीत घोळलेले अनारसे डब्यातून वगळावेत, ही सूचना कटू वाटली तरी आवश्यक आहे.

तिसरी बाब आपल्या भिडस्त स्वभावाची. "तिकडे जाताच आहात, तर आमच्या मुलीला एवढे औषध द्या" असे म्हणून कुणीतरी पुडके हाती देते. वैयक्तिक वापराची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या औषधापुरती असते. दुसऱ्यासाठी नेलेल्या औषधास ती सामान्यतः लागू होत नाही. २०१९ साली मुंबईतील एका दांपत्यास, नातेवाइकाने दिलेल्या पाकिटात अमली पदार्थ निघाल्याने दोहा येथे अटक झाली होती. निर्दोष ठरून मायदेशी परतण्यास त्यांना २०२१ साल उजाडले. असे पुडके नम्रपणे नाकारण्यात संकोच मानू नये.

८. किती न्यावीत आणि कोठे ठेवावीत

सहलीचे दिवस अधिक एक आठवडा, इतकी औषधे न्यावीत. वादळ, बिघाड वा साथ यांमुळे जहाज लांबू शकते. हे एकूण प्रमाण वर सांगितलेल्या सर्वांत कमी मर्यादेच्या आत बसत असल्याची खात्री करावी.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या जातात आणि त्या केबिनमध्ये येईपर्यंत काही तास जातात. त्यामुळे सर्व औषधे आणि कागद खांद्यावरील पिशवीतच असावेत. बंदरावर फिरण्यास उतरताना त्या दिवसापुरती मात्रा, तातडीची औषधे आणि चिठ्ठीची प्रत एवढेच बरोबर घ्यावे. चिठ्ठीची एक प्रत केबिनमध्ये, एक मोबाइलमध्ये आणि एक घरी मुलांजवळ असावी.

मोठ्या पर्यटन जहाजांवर डॉक्टर व दवाखाना असतो, परंतु तेथील साठा तातडीच्या उपचारांसाठी असतो; आपले नेहमीचे औषध तेथे मिळेलच असे नाही. तेथील आकारणी बहुधा परकीय चलनात आणि आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त असते. प्रवास विमा घेताना पूर्वीचे आजार लपवू नयेत. लपविल्यास विम्याचा दावा नामंजूर होण्याचा संभव असतो.

९. शेवटी

सारांशरूपाने सांगायचे तर सहा आठवडे आधी डॉक्टरांची भेट, पट्टीवरील लाल खूण तपासणे, मार्गातील प्रत्येक देशाचा नियम पाहणे, पारपत्राशी जुळणारी इंग्रजी चिठ्ठी, अखंड पट्ट्या व बिल, हातातील पिशवी आणि एका आठवड्याचा जादा साठा, एवढी तयारी पुरेशी ठरते. यासाठी फारसा खर्च येत नाही. थोडी आस्था आणि आगाऊ वेळ लागतो.

धर्मादाय रुग्णालयाने या विषयाकडे का वळावे, याचेही उत्तर याच कागदात आहे. जी चिठ्ठी सिंगापूरच्या बंदरावर ज्येष्ठ नागरिकास उपयोगी पडते, तीच चिठ्ठी ऊसतोडीसाठी हंगामभर कर्नाटकात जाणाऱ्या रुग्णास तेथील सरकारी दवाखान्यात उपयोगी पडते. सीमा देशाची असो वा जिल्ह्याची, पलीकडच्या अपरिचित डॉक्टरास या माणसाला काय झाले आहे आणि तो काय घेतो, हे कळले पाहिजे. सुवाच्य, पूर्ण आणि खरा कागद हा औषधोपचाराचाच एक भाग आहे, अशी आमची धारणा आहे.

देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांनी ही माहिती आपल्या परिचितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती. प्रवासास निघणाऱ्या सर्वांना आरोग्यपूर्ण व निर्विघ्न जलप्रवासाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.